मागच्या दोन पायांवरचा घोडा

आगाशी, दिवाळीआधीचा रविवार.

वसईच्या १७३९च्या मोहिमेतला मराठा स्वार आज रेझिनच्या तटबंदीवर चढवला. पितळी घोडा मागच्या दोन पायांवर उभा. सगळा भार वर, टेकायला खुरांचे दोन ठिपके. नुसत्या झटपट चिकटणाऱ्या गोंदावर माझा भरवसा नाही. सरळ ओढ तो सोसतो, पण आडवा धक्का बसला की तडकतो. म्हणून दोन्ही खुरांत मिलिमीटरभर भोक पाडून पितळी तार बसवली. तारेच्या टोकांना रंग लावला, तटावर ठसा घेतला, नेमकं तिथेच रेझिन कोरलं. गुळगुळीतपणा पॉलिशपेपरने घालवला, मग दोन भागांचं इपॉक्सी. तळाखाली जड लोखंडी वायसर. आता रात्रभर कुणी हात लावायचा नाही. दिवाळीत अंगणातल्या किल्ल्यावर मात्र पोरांनी तो खुशाल उचलावा.