कथा कळल्याचे दुःख

प्रायोगिक कथा लिहिणाऱ्याला वाचकांचा काडीचाही त्रास नसतो, हे या उद्योगातलं मोठं सुख आहे. विनोदी लेखकाला लोक रस्त्यात अडवतात. रहस्यकथावाल्याला पुढचा खून कधी, म्हणून विचारतात. प्रायोगिक लेखक मात्र भर बाजारातून कोथिंबिरीची जुडी हलवीत निर्धास्त जातो.

त्यातून मी राहतो गारगोटीला, वेदगंगेच्या काठी. जे. पी. नाईकांनी १९५२ साली इथं विद्यापीठ काढलं, त्याला पाटगावच्या मौनी महाराजांचं नाव. ज्या गावचं विद्यापीठच मौनी, तिथल्या वाचकांनी माझ्या कथेबद्दल चकार शब्द काढू नये, ही अपेक्षा रास्तच नाही का? गाव वाचत नाही असं नव्हे. 'तणकट'ला २००१ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते राजन गवस इथल्याच कॉलेजात शिकवीत. पण त्यांच्या लिखाणात गाव आहे, माणसं आहेत. माझ्या कथेत किल्ल्या होत्या.

म्हणजे असं, की आई गेल्यावर आमचे वडील रोज रात्री जुन्या किल्ल्या मोजत बसत. पेटी विकलेली, घर भावकीत वाटलेलं, कुलपं केव्हाच मोडीत गेलेली. मोजता मोजता ते आईशी बोलत. वडील गेल्यावर मी ते लिहून काढलं. आरंभ नाही, शेवट नाही, ९ पानांत एकही पूर्णविराम नाही. वाचणाऱ्याला धाप लागावी, हा हेतू! एका दिवाळी अंकानं ती छापली.

आता ही वाट काही मी पाडलेली नव्हे. गाडगीळ-गोखल्यांनी नवकथा लिहिली तेव्हाही 'यात गोष्ट कुठाय?' असं विचारणारे निघालेच. धारवाडला इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी तर सभा-समारंभांपासून लांब राहत. तरी वाचकांशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. पण ते जी. ए.! शिवाय 'सत्यकथा' १९८२ सालीच बंद पडलेलं. आता असलं काही वाचायला कोण बसलंय?

एसटीत कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता सांगितलं, "मास्तर, तुमची गोष्ट वाचली. फुलस्टॉप न्हाई कुठंच, ते झ्याक केलंसा. आमचा म्हातारा बी असाच बोलायचा, मधी दम घ्यायचा न्हाई."

तीन वर्षं खपून केलेला प्रयोग त्यानं सुटे पैसे परत करायच्या आत निकालात काढला. मग एका निवृत्त तलाठ्यांचा फोन आला, "आमच्या वडिलांच्या किल्ल्या नव्हत्या, पावत्या होत्या." एवढंच बोलून ते बराच वेळ गप्प राहिले. मीही फोन ठेवला नाही.

माझे एक साहित्यिक स्नेही मात्र चिंतेत पडले. म्हणाले, "लोकांना कळली? मग पुन्हा लिहा!"

पण विचार करा, आमच्याकडं सरळ गोष्ट सांगतो कोण? एसटी स्टँडवर बसलेली बाई लेकीच्या लग्नापासून सुरुवात करते, तिथून म्हशीवर जाते, म्हशीवरून मेलेल्या सासऱ्याशी चार शब्द बोलून येते, आणि गाडी लागली की गोष्ट तिथंच सोडून उठते. ऐकणारीला काही अडत नाही. साहित्यात याला तंत्र म्हणतात. स्टँडवर नुसतं बोलणं म्हणतात.

शेजारच्या आक्कांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी नातीकडून कथा वाचून घेतली. "पोरीला धाप लागली की रं," म्हणाल्या. (हेतू सफल!) मग विचारलं, "आता कुठं हाईत त्या किल्ल्या?"

हे ९ पानांत मी कुठंच लिहिलं नव्हतं. त्या माझ्या कपाटात आहेत, वडिलांच्याच रुमालात बांधलेल्या. गाठ मी सोडलेली नव्हती.

"मोजल्यास का?"

"नाही."

"मग मोज की."

त्या रात्री मोजल्या. १७ भरल्या. वडिलांचा आकडा रोज १८ यायचा. पुन्हा मोजल्या, रुमाल झटकला, कपाट पालथं घातलं. १७च.

सकाळी आक्कांना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एक ती घिऊन गेली असंल."

कथासंग्रह निघाला तर हे वाक्य शेवटी घालीन म्हणतो. पूर्णविरामासकट.