खोटी बटणं

मागच्या वर्षी बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं जड, टायपिंग तर बंदच. म्हटलं, एक बटण दाबलं की अख्खं वाक्य टाइप होईल असा प्रोग्रॅम लिहू. एका वीकेंडचं काम!

घरात मशीन तीन: बाबांचं विंडोज, माझं लिनक्स, ताईचा मॅक. विंडोजवर सोपं निघालं. 'सेंडइनपुट'ला युनिकोड अक्षरं दिली की देवनागरी थेट उमटते. लिनक्सवर जुन्या एक्स ११ मधलं 'एक्सटेस्ट' अक्षरं नाही, कीकोड मागतं. म्हणजे आधी मराठी लेआउट लावा. वेलँडने तर दारातूनच परत पाठवलं: एका प्रोग्रॅमने दुसऱ्यात परस्पर टाइप करायचं नाही. मग कर्नलच्या 'यूइनपुट'मधून खोटा कीबोर्ड उभा करा, त्यालाही बहुधा रूट लागतं. मॅकला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी हवी.

जाम वैतागलो. मग लक्षात आलं, हाच कोड दुसऱ्या कोणाचा असता तर त्याने बाबांच्या नावाने बँकेतही टाइप केलं असतं.

मॅकवर परवानगीची खिडकी आली तेव्हा माउस बाबांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग सावकाश विचारलं, "माझ्याऐवजी... तू नाही ना बोलणार?"

"नाही बाबा. तुम्ही सांगाल तेवढंच."

मग क्लिक केलं.