गळाच्या काठीची निवड

गळ टाकून तासचे तास पाण्याकडे पाहत बसणाऱ्या मनुष्यास लोक आळशी म्हणतात. आणि त्याच मनुष्यानें गळाच्या काठीस महिन्याच्या पगाराएवढी किंमत मोजली, म्हणजे त्यास उधळ्याही म्हणतात. ह्या दोन्ही आरोपांत थोडेंबहुत तथ्य असेल. तथापि हत्यार निवडणें ही मनुष्याच्या विचाराची कसोटी आहे, असें गेल्या वर्षीं आमच्या प्रत्ययास आलें. म्हणून तो विषय आम्ही विद्यार्थिवर्गापुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों.

आमचें बिऱ्हाड देहूरोडास. येथून जवळच श्रीक्षेत्र देहू येथें इंद्रायणीच्या डोहांतील महसीर मासे भाविकांच्या श्रद्धेनें राखलेले आहेत. लोक त्यांस खाऊं घालतात, गळ टाकीत नाहींत. पलीकडे लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत महसिराचीं पिलें वाढवून निरनिराळ्या जलाशयांत सोडण्याचें काम हातीं घेतलें. अशा मुलखांत राहणाऱ्यानें गळ टाकण्यापूर्वीं पहिली निवड काठीची नव्हे, तर जागेची केली पाहिजे. जें पाणी राखलेलें आहे तें सोडावें, व इतर ठिकाणीं ज्याचा हक्क असेल त्याची परवानगी घ्यावी.

आमचे वडील, ज्यांस आम्ही आबा म्हणतों, लष्करी डेपोंतील नोकरी संपल्यावर कळकाच्या काठीनें मरळ धरीत असत. पुढें मधुमेहानें त्यांच्या पायांत आलेली बधिरता हळूहळू बोटांच्या टोकांपर्यंत पोंचली. मासा तोंड लावी, पण आबांस तें कळत नसे. एके दिवशीं त्यांनीं काठी माळ्यावर टाकली आणि ‘आतां पुरे’ एवढेंच म्हटलें. त्यानंतर चार वर्षें त्यांनीं तिचें नांव काढलें नाहीं.

आमचे थोरले बंधु अमेरिकेंत टेक्सास संस्थानांत राहतात व तेथील तळ्यांत बास नांवाचा मासा ‘जिग’ टाकून धरतात. जिग म्हणजे शिशाच्या डोक्याचा गळ; त्यास रबरी धाग्यांचा झुबका बांधलेला असतो. तो तळाशीं बुडवून हळूहळू उड्या मारीत ओढावयाचा. मासा तो पुष्कळदां न हिसकतां नुसता ओठांत घेतो. म्हणून ह्या प्रकारांत डोळ्यांपेक्षां हाताचें काम अधिक. बंधूंनीं फोनवर विचारलें, “येतांना आबांसाठीं एक उत्तम कास्टिंग रॉड आणूं का? पण निवड तूंच कर.”

कास्टिंग रॉडवर रीळ काठीच्या वरच्या अंगास बसतें व तंगूस ओवण्याच्या कड्याही वरच असतात. जिगकरितां काठी सुमारें सात फूट लांब असावी. शेंडा चटकन् लवणारा, पण बुडखा ताठ असावा, कारण जिगचा गळ जाड तारेचा असल्यामुळें तो माशाच्या जबड्यांत रुतविण्यास जोर लागतो. काठीवर किती वजनाचा गळ व किती बळाची दोरी चालेल हें छापलेलें असतें, तें आधीं वाचावें. महाग काठींत कार्बनचे तंतु अधिक ताठ जातीचे असतात. त्यामुळें थोडक्या मालांत काम भागतें, काठी हलकी होते व तळाचा कंप न विरतां मुठीपर्यंत येतो. मात्र अशी पातळ काठी दगडावर आपटली, तर तडकण्याचें भयही अधिक.

येथें कोणी म्हणेल कीं, मग साध्या काठीनें मासा मिळतच नाहीं काय? मिळतो. २ जून १९३२ रोजीं जॉर्जिया संस्थानांत जॉर्ज पेरी ह्या तरुणानें २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. त्याच्यापाशीं व त्याच्या सोबत्यापाशीं मिळून एकच साधी काठी होती, असें सांगतात. त्या उच्चांकाची बरोबरी व्हावयास २ जुलै २००९ हा दिवस उजाडावा लागला. ती जपानांतील बिवा सरोवरावर मानाबू कुरिता ह्यांनीं केली. परंतु पेरीचीं बोटें शाबूत होतीं. आमच्यापुढील प्रश्न मोठ्या माशाचा नव्हता, बधिर बोटांचा होता.

बंधूंनीं दोन काठ्या आणल्या. एक चारशें डॉलरांची, दुसरी अडीचशेंची. न वापरलेली परत देतां येणार होती. काठीचा शेंडा एकानें कंठास टेकवून गुणगुणावें व दुसऱ्यानें मूठ धरावी, ही तिकडील कोळ्यांची जुनी परीक्षा. आमच्या हातास पहिली काठी सरस वाटली. आबांनीं डोळे मिटून तीच धरली व मान हालविली. मग दुसरी हातीं घेतली. तिचें रीळ बसविण्याचें खोबण खालून उघडें होतें, त्यामुळें तळहात थेट काठीसच टेकत होता. आबांच्या बोटांचीं टोकें मेलीं होतीं, तळहात जिवंत होता. ते एकदम म्हणाले, “अरे, कोण गातें आहे?” अधिक किमतीची काठी बंधूंबरोबर परत गेली.

पुढें मावळांतील एका खाजगी तळ्यावर, मालकाच्या अनुज्ञेनें, आबांनीं गळ टाकला. सकाळभर एकही मासा लागला नाहीं. पण ते हळूहळू दोरी गुंडाळीत सांगत होते, “हा चिखल... हे खडे... हें बुडालेलें झुडूप.” जें पाणी त्यांस चार वर्षें मुकें झालें होतें, तें पुनः बोलूं लागलें होतें.

बालमित्रहो, लेखणी असो, वाद्य असो किंवा सायकल असो, वस्तु निवडतांना तिची किंमत शेवटीं पाहावी. ती कोणाच्या हातांत जावयाची आहे, तो हात आधीं नीट पाहावा. पालकांसही आमची हीच विनंति आहे.