कोठीहून आणलेला रेडिएटर

आमच्या भालकी तालुक्यात कोठी म्हणजे धान्य साठवायची जागा. पण घरातले वडीलधारे ‘कोठीवर जाऊन येतो’ म्हणाले, की ती हैदराबादची कोठी, हे लहान पोरालाही कळे. लग्नाचा बस्ता, शाळेची पुस्तके, इंजिनाचा एखादा सुटा भाग, सारे तिथूनच येई. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आमची राजधानी बदलली. पेठ मात्र तीच राहिली. यंदाच्या उन्हाळ्यात मी आणि माझे थोरले बंधू अण्णा, एक जुना रेडिएटर पोत्यात बांधून बसने त्याच कोठीवर गेलो. त्याची ही हकीकत.

रेडिएटर अण्णांच्या टाटा ४०७ चा. ही गाडी १९८६ साली बाजारात आली आणि आमच्याकडच्या कच्च्या रस्त्यांना मानवली. अण्णांनी एक जुनी गाडी घेतली, ती मी उस्मानिया विद्यापीठात मराठीचे एम.ए. करीत होतो त्या काळात. आले आणि भाजीपाला भरून ते हैदराबादेला येत, माल उतरला की सुलतान बाजारातल्या माझ्या खोलीवर भाकरीचे गाठोडे आणि खर्चाचे पैसे पोचते करीत. माझ्या पदवीत त्या गाडीचे किती डिझेल जळाले, याचा हिशेब मी कधी मांडला नाही.

दोन वर्षांपूर्वी गाडी तापू लागली. मी एका बैठकीसाठी हैदराबादेला गेलो होतो. भावाचे काम आपणच करून टाकावे या उत्साहात, फक्त गाडीचे नाव सांगून एक नवा रेडिएटर घेऊन आलो. ॲल्युमिनियमची चकचकीत जाळी, वरखाली प्लॅस्टिकच्या टाक्या, आणि किंमत निम्मी. बसवताना भोके जुळेनात. मिस्त्रीने नवी पाडली. खालचे तोंड थोडे बाजूला होते. होज पाइप पिळून बसवला. दहाव्या महिन्यात भर एप्रिलमध्ये प्लॅस्टिकची टाकी जोडाजवळ तडकली. पाणी गेले, हेड गॅस्केट गेले, आणि बॉनेट उघडून झाकणाला हात लावताच उसळलेल्या वाफेने अण्णांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. “मास्तर, तापलेलं पाणी बाहेर येणारच,” एवढेच म्हणाले. मी म्हटले, गाडी भंगारात द्या, नव्या गाडीची सुरुवातीची रक्कम मी भरतो. अण्णा हसले. “आणि हप्ते? सहासष्टाव्या वर्षी कर्ज घेऊ, ते फेडणार कोण?” मला उत्तर सुचले नाही. म्हणून या वेळी अण्णा बरोबर आणि मूळचा, अडगळीत पडलेला पितळी रेडिएटर पोत्यात, असे आम्ही निघालो.

कोठी हे नाव ब्रिटिश रेसिडेन्सीच्या हवेलीवरून पडले. तिथे १९४९ साली मुलींचे कॉलेज आले. सुलतान बाजारावरून २०२० पासून मेट्रो धावते. माझी गल्ली ओळखायला मलाच वेळ लागला. पुढे पुतलीबावली आणि जांबागकडे मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने. जांबागलाच विवेकवर्धिनी, केशवराव कोरटकरांसारख्यांनी निजामी राजवटीत उभी केलेली मराठी शिक्षणसंस्था.

एका जुन्या दुकानात म्हाताऱ्या मालकाने गाडीचे नाव विचारण्याआधी विचारले, “पानी कौनसा डालते साब?” बोअरचे, म्हटल्यावर त्याने पोते सोडवून जुन्या रेडिएटरच्या तोंडात बॅटरी मारली. आत चहाच्या किटलीत धरतो तसा पांढरा थर. खारट पाण्याने नळ्या निम्म्या बुजलेल्या. जाळी कितीही भारी घ्या, हेच पाणी घातले तर तीच गत, हे त्याने मला विद्यार्थ्यासारखे समजावले.

मग मापे. जाळीची उंची, रुंदी, जाडी. दोन्ही तोंडांची जागा आणि व्यास. कानांच्या भोकांमधले अंतर. मी दोन वर्षांपूर्वी यातले एकही घेतले नव्हते. ॲल्युमिनियमला त्याने नावे ठेवली नाहीत. नव्या गाड्यांत तेच असते, हलके असते, चांगले बनवलेले असेल तर गारवाही तितकाच देते. पण फुटले तर खेड्यात कोण जोडणार? तांब्याच्या फिन आणि पितळेच्या नळ्या-टाक्या असल्या, तर डाग मारणारा कुठेही भेटतो. भालकीत असा एक कारागीर आहेच.

मी चार ओळींच्या नळ्यांचा मागितला. जास्त ते चांगले, हा माझा हिशेब. “नक्को साब,” म्हातारा म्हणाला. जाळी जाड झाली, की पंखा तोच असल्याने हवा पार जात नाही. शेतातला भुसा आत अडकतो तो वेगळाच. आणि मागे सरकलेली जाळी पंख्याला घासते. मूळची तीन ओळींची होती, तीच घ्या. अण्णा मान डोलावीत होते. त्यांनी जाळी उचलून वजन पाहिले, नखाने फिन दाबून पाहिल्या. दुकानातल्या पोराने तोंडे बंद करून, हवा भरून ती हौदात बुडवली. एकही बुडबुडा आला नाही.

झाकणही नवे घेतले. ते सुमारे ०.९ किलोचा दाब धरते, म्हणून आतले पाणी १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकण सैल तर रेडिएटर फुकट. आणि गरम असताना उघडले तर काय होते, ते अण्णांच्या हातावर लिहिलेले आहे. होज पाइप, क्लिपा, थर्मोस्टॅट, कूलंट आणि ते पातळ करायला डिस्टिल्ड वॉटरचे कॅन घेतले.

परतताना सुलतान बाजारात अण्णा एका दाराशी थांबले. “तुझी खोली हीच ना?” मी म्हटले, होय, तुम्ही कधी वर का आला नाहीत? “तुझे मित्र असायचे. माझ्या कपड्यांना डिझेलचा वास.” एवढे बोलून त्यांनी रेडिएटर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. मी तो मागितला, दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोके न पाडता रेडिएटर जागेवर बसला. अण्णांनी मला शेजारी बसवून गाडी निलंग्याच्या रस्त्याला पाच-सहा मैल नेली. काटा हळूहळू वर चढला आणि मध्यावर थांबला. परत शाळेच्या फाटकाशी आलो, तरी तिथेच होता.

“उतर आता, मास्तर,” अण्णा म्हणाले, “प्रार्थनेची घंटा झाली.”