तारेखालची पोकळी

गिटार शिकायला लागलेला मुलगा पहिल्या महिन्यात बोटांची टोकं चोळत बसतो. ‘एफ’चा बारे कॉर्ड काही केल्या स्वच्छ वाजत नाही आणि तो आपल्याच हाताला दोष देतो. पुष्कळदा हात निर्दोष असतो. तार फ्रेटबोर्डापासून जरा जास्त वर असते, एवढंच. ही उंची, म्हणजे गिटारची ‘ॲक्शन’, मोजतात ती बाराव्या फ्रेटवर, तारेच्या मध्याशी. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या पोटापर्यंत जाड ‘ई’खाली साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक ‘ई’खाली पावणेदोन. पोलादी तारांच्या गिटारला एवढं बहुधा मानवतं. जाड तार झुलते मोठी, म्हणून तिला जागाही जास्त लागते.

जाणता कारागीर लगेच कानस उचलत नाही. आधी मान बघतो. सहा पोलादी तारा मिळून मानेला जवळपास सत्तर किलोंच्या ताणाने ओढत असतात, त्यामुळे ती पुढे वाकते. थोडा बाक हवाच, नाहीतर तार मधल्या फ्रेटांवर आपटते. पहिला आणि चौदावा फ्रेट एकाच वेळी दाबला की ताणलेली तारच सरळ पट्टी होते. तिच्याखाली सातव्या फ्रेटपाशी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची फट दिसली की पुरे. कमी-जास्त असेल तर मानेतली ट्रस रॉड ॲलन कीने पाव वळसा फिरवायची आणि थांबायचं. ही फिरवता येणारी सळई गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यूची. तिच्या पेटंटचा अर्ज 1921 सालचा. मार्टिन कंपनीने मात्र अशी सळई थेट 1985मध्ये स्वीकारली.

मान जागेवर आली की पाळी सॅडलची, म्हणजे ब्रिजवर तारा पेलणाऱ्या पट्टीची.

इथे हिशेब सोपा, पण फसवा आहे. बारावा फ्रेट मध्यावर असल्याने तिथली उंची जेवढी उतरवायची, त्याच्या दुप्पट सॅडल घासावी लागते. तीन पूर्णांक दोन दशांश मिलिमीटरवरची तार अडीचच्या आसपास आणायची तर सॅडलच्या बुडाचा जवळपास दीड मिलिमीटर जातो. काचेवर पॉलिश पेपर ठेवून, पेन्सिलीच्या खुणेपर्यंत, हाडाची ती पट्टी उभी धरून घासायची. बूड जरा तिरकं झालं तर खालच्या पिकअपला एक तार मोठी ऐकू येते, दुसरी दबून जाते. आणि घासलेलं हाड परत येत नाही. खाली पातळ चकती सारायची, नाहीतर नवी सॅडल करायची.

अडीच मिलिमीटर सगळ्यांनाच चालतात असं मात्र नाही. काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात 1937पासून बसलेल्या फ्रेडी ग्रीनने तारा इतक्या वर ठेवल्या होत्या, की दुसऱ्याचं मनगट दुखावं. ब्रासच्या गजरात, ॲम्प्लिफायरशिवाय, ताल ऐकू जायचा तर तार जोरात छेडायला हवी आणि तिला झुलायला मोकळीक हवी. ब्लूग्रासचा टोनी राइस दुसऱ्या टोकाला. पूर्वी क्लॅरेन्स व्हाइटची असलेली 1935ची मार्टिन डी-28 तो अगदी खालच्या ॲक्शनवर वाजवायचा. पं. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि पोलादी कांडी तारांवरून घसरवली. तिथे फ्रेटला तार टेकवायचीच नसल्याने उंची भरपूर हवी.

मिरजेत तर हिशेबच उलटा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे घडवायला घेतले आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर घोडीचा माथा घासून असा हलका उतार काढतो, की तार त्याला ओझरती घासत राहावी. मग तारेखाली दोरा घालून तो पुढेमागे सरकवत जवारी, म्हणजे तारेची झणझणती आस, खुलवायची. गिटारवर जी झणझण घालवण्यासाठी डोकं खाजवायचं, ती इथे घडवून आणायची. फरक जागेचा: गिटारची झणझण भलत्या फ्रेटवर तार आपटून होते, तंबोऱ्याची घोडीवरच्या स्पर्शातून.

एवढं सगळं जुळवलं तरी लाकूड हवेचं ऐकतं. उत्पादक 45 ते 55 टक्के आर्द्रता सुचवतात. मुंबईच्या जुलैत ती सहज ऐंशीपुढे जाते. गिटारचं स्प्रूसचं तोंड फुगतं, ब्रिज वर उचलला जातो आणि ॲक्शन वाढते. तीच गिटार मे महिन्यात नागपूरला नेली तर तोंड आक्रसून खाली बसतं, तारा फ्रेटांना लागू लागतात, काठावर फ्रेटांची टोकं बोचतात. म्हणून काही वादक दोन सॅडल बाळगतात, कोरड्या महिन्यांसाठी उंच आणि पावसाळ्यासाठी ठेंगणी. वहीत माप टिपताना ते शेजारी महिनाही लिहितात.