उस्मानसाहेबांचा मंगळवार

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. दुकानापुढे एक लाकडी बाकडे. रोज सकाळी नऊच्या सुमारास शेजारचे आबा त्या बाकड्यावर येऊन बसत. आबा म्हणजे पलटणीतून पेन्शनीत निघालेले मराठा जवान. धोतर, पांढरा सदरा आणि पायात मात्र चकचकीत पॉलिश केलेले काळे बूट. सातारा जिल्ह्यात असे म्हातारे दर दोन घरांआड सापडतात, त्यामुळे आम्हाला त्यांचे काही विशेष वाटत नसे. विशेष वाटे ते मंगळवारचे.

मंगळवारी आबा चहाला हात लावत नसत. अम्मी सवयीने आतून कप पाठवी आणि तो तसाच परत येई. अम्मीचा समज होता की हा गणपतीचा उपास. एकदा रमजानात मंगळवार आला. आम्हा भावंडांचे रोजे नवे नवे, त्यामुळे तोराही मोठा. आमच्यातल्या कुणीतरी विचारलेच, "आबा, तुमचा उपास कडक की आमचा रोजा?" अब्बांनी हातातला पाना उगारला. आबा मात्र हसले आणि म्हणाले, "माझा उपास देवाचा न्हाई रं. माझा उस्मानसायबाचा."

उस्मानसाहेब म्हणजे ब्रिगेडिअर मोहम्मद उस्मान. तोपर्यंत हे नाव आमच्या घरात कुणी घेतले नव्हते. अब्बांनाही ठाऊक नव्हते. एका मुसलमान सेनाधिकाऱ्याचे नाव आम्ही पहिल्यांदा एका मराठा जवानाच्या तोंडून ऐकले, हे आज लिहिताना थोडे अवघड वाटते.

आबा तिसऱ्या पॅरा मराठा बटालियनमध्ये होते. हीच बटालियन 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. काश्मीरची पहिली लढाई पेटली तेव्हा ती पन्नासाव्या पॅरा ब्रिगेडमध्ये होती आणि डिसेंबर 1947 मध्ये या ब्रिगेडचे प्रमुख म्हणून उस्मानसाहेब आले. त्याच महिन्याच्या अखेरीस झांगर हातचे गेले. मीरपूर आणि कोटलीकडून येणारे रस्ते या ठिकाणी मिळतात, म्हणून त्याचे मोल मोठे. आता पाळी नौशेऱ्याची होती.

नौशेऱ्यात लढाईने घरदार सुटलेली माणसे गोळा झाली होती. धान्य तोकडे. मग साहेबांनी ब्रिगेडला सांगितले की मंगळवारी सगळ्यांनी उपास करायचा आणि वाचलेला शिधा गावातल्या लोकांना द्यायचा. आबा हे सांगताना पुढे नेहमी हिशेब घालत. "एका माणसाचा एका दिसाचा आटा किती, डाळ किती? आता हजारांनी गुण बघू. मास्तर होणार म्हंतोस न्हवं?" तो गुणाकार आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबवर खडूने केला होता. उत्तर चुकले होते.

युद्ध संपले, आबा पेन्शनीत आले, तरी मंगळवार सुटला नाही. त्या दिवशीच्या दोन भाकऱ्या आणि कोरड्यास ते फडक्यात बांधून एसटी स्टँडवर नेत आणि जो कुणी उपाशी दिसेल त्याला देत. "आता कशाला आबा?" असे अब्बांनी एकदा विचारले. त्यावर आबा म्हणाले, "सायबानं उपास धरायला सांगितला. सोडा म्हणून हुकूम आला न्हाई."

आबांची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. त्यांनी साहेबांच्या गप्पा कधी फुगवून सांगितल्या नाहीत. आपण साहेबांना दोनदाच पाहिले आणि तेही लांबून, हे ते आवर्जून सांगत. झांगर परत घेईपर्यंत पलंगावर झोपणार नाही अशी साहेबांनी शपथ घेतली होती आणि ऐन थंडीत ते जमिनीवर चटई टाकून झोपत, ही हकिकत प्रसिद्धच आहे. पण आबा म्हणत, "म्या बघितलं न्हाई. पलटणीत समद्यांना ठावं व्हतं."

बाकीचे आम्ही पुढे पुस्तकांतून जमा केले. उस्मानसाहेबांचा जन्म 15 जुलै 1912 चा, तेव्हाच्या आझमगड जिल्ह्यातल्या बीबीपूरचा. वडील पोलीस अधिकारी. शिक्षण बनारसला झाले. बोलताना ते अडखळत. शाळेत तोतरे बोलणाऱ्या मुलांना काय काय सोसावे लागते ते आम्ही रोज पाहतो, म्हणून ही बारीकशी गोष्ट आमच्या मनात राहिली. बारा वर्षांचे असताना त्यांनी विहिरीत पडलेल्या मुलाला उडी घालून वाचवले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पुढे इंग्लंडमध्ये सँडहर्स्टला निवड झाली. तिथे प्रवेश मिळालेल्या हिंदी तरुणांची ती शेवटची तुकडी. 1934 मध्ये अधिकारी झाले, पुढच्या वर्षी बलुच रेजिमेंटमध्ये गेले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले. लग्न केले नाही. दारूला शिवत नसत, मांसाहारही करत नसत. पगारातला मोठा हिस्सा गरीब मुलांच्या शिक्षणावर जाई.

1 फेब्रुवारी 1948 ला त्यांच्या ब्रिगेडने नौशेऱ्याजवळचे कोट घेतले. पाच दिवसांनी, 6 फेब्रुवारीला, नौशेऱ्यावर मोठा हल्ला आला. राजपूत रेजिमेंटचे नायक जदुनाथ सिंह याच दिवशी तैनधारच्या चौकीवर लढता लढता शहीद झाले आणि परमवीरचक्राचे मानकरी ठरले. हल्ला परतवला गेला आणि लोक उस्मानसाहेबांना 'नौशेऱ्याचा शेर' म्हणू लागले. पाकिस्तानने त्यांच्या डोक्यावर पन्नास हजारांचे इनाम लावले होते. मार्चमध्ये झांगर परत मिळाले, तेव्हा कुठे साहेब पलंगावर झोपले.

नौशेऱ्यातली आणखी एक गोष्ट शिक्षक म्हणून आम्हाला ओढते. तिथे अनाथ झालेली सहा ते बारा वर्षांची पोरे होती. साहेबांनी त्यांना गोळा करून त्यांच्या खाण्यापिण्याची, शिकण्याची सोय लावली आणि त्यांची बालक सेना उभी केली. लढाईत त्यांतल्या काहींनी निरोप पोचवण्याचे काम केले आणि तिघांना पंडित नेहरूंच्या हस्ते सोन्याची घड्याळे मिळाली. लहान मुलांना गोळीबारात पाठवावे का, हा प्रश्न आज आम्हाला पडतो. आबांना तो पडत नसे. ते म्हणत, "त्या पोरास्नी दुसरं कोन व्हतं?"

3 जुलै 1948 ला संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास झांगरला तोफांचा मारा सुरू झाला आणि एक गोळा साहेबांजवळच फुटला. छत्तिसावा वाढदिवस बारा दिवसांवर आला होता. त्या युद्धात धारातीर्थी पडलेल्या भारतीय अधिकाऱ्यांत त्यांचा हुद्दा सर्वांत मोठा. मय्यत दिल्लीला नेली. जनाज्याला पंतप्रधान नेहरू होते, मौलाना आझाद होते. जामिया मिलियाच्या कब्रस्तानात दफन झाले. मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. बातमी पलटणीत आली त्या रात्री काय झाले, हे आम्ही आबांना एकदा विचारले होते. "काय व्हनार? सैपाक झाला, कुणी जेवलं न्हाई," एवढेच म्हणाले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले.

इथवरचे सगळे लिहिणे सोपे होते. पुढचे तितके सोपे नाही.

शाळेत उर्दू आणि मराठी शिकवायला लागल्यापासून दर 26 जानेवारीला आमचे एक भाषण ठरलेले. पहिल्याच वर्षी मुख्याध्यापक म्हणाले होते, "तुमच्यातल्या एखाद्या वीरावर बोला." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. आम्हीही खुशीने हो म्हटले. एक वर्ष कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद, एक वर्ष ब्रिगेडिअर उस्मान, असा आमचा क्रम. उस्मानसाहेबांचे भाषण आम्ही नेहमी 1947 पासून सुरू करायचो. बलुच रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. बॅरिस्टर जिना आणि लियाकत अली यांनी साहेबांना तिकडे बोलावले, पुढेमागे सेनाप्रमुख करण्याचे आमिष दाखवले, असे सांगतात. साहेब गेले नाहीत आणि इथेच डोगरा रेजिमेंटमध्ये आले. या वाक्याला आमचा आवाज आपोआप चढायचा. टाळ्याही तिथेच पडायच्या.

काही वर्षांपूर्वी अशा भाषणानंतर नववीतली एक मुलगी वर्गात उभी राहिली. आमच्याच उर्दूच्या तासाची, एरवी न बोलणारी. म्हणाली, "सर, मागच्या वर्षी यशवंत घाडगेंवर भाषण झालं. ते इटलीत कसे लढले, व्हिक्टोरिया क्रॉस कसा मिळाला, ते सांगितलं. ते कुठं गेले नाहीत, असं कुणी सांगितलं नाही. उस्मानसाहेबांचंच का सांगतात?"

आम्ही म्हणालो, त्या काळाचा संदर्भ असतो, फाळणी झाली होती वगैरे. मुलगी खाली बसली. उत्तर पटले नव्हते हे तिच्या तोंडावर दिसत होते. आम्हालाही ते पटले नव्हते.

संस्थेच्या लोकांना, गावाला, कधी कधी रेल्वेच्या डब्यात समोर बसलेल्या अनोळखी माणसाला दाखवण्यासाठी आम्ही उस्मानसाहेब खिशात घालून फिरत होतो. शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स ठेवावी तसे. फाळणीच्या वेळी कुठल्या बाजूला राहायचे, हा त्यांचा निर्णय मोठा होताच. बरोबरीचे मुसलमान अधिकारी बहुतेक तिकडे गेले असताना इथे राहणे ही साधी गोष्ट नव्हती. पण ते ज्या चटईवर झोपले, ज्या पोरांना जेवू घातले, ते आमच्या भाषणात मागे कुठेतरी दोन ओळींत यायचे. आणि मंगळवार तर कधीच आला नाही. आबांकडून लहानपणीच ऐकलेली गोष्ट इतक्या वर्षांत आम्ही एकदाही स्टेजवर सांगितली नव्हती. त्यातून काही सिद्ध होत नव्हते ना!

पुढच्या खेपेला आम्ही मंगळवारपासून सुरुवात केली. मुलांनी कान देऊन ऐकले. टाळ्या बेताच्याच पडल्या. चहाच्या वेळी एक सहकारी म्हणाले, "सर, यंदा जोश कमी वाटला."

आबा 1999 च्या थंडीत गेले. त्या वर्षी कारगिलची लढाई त्यांनी आमच्याच टीव्हीवर पाहिली होती, अब्बांच्या शेजारी बसून. जाण्याच्या आधी काही दिवस आम्हाला बोलावून म्हणाले, "दिल्लीला कवा गेलास तर सायबाच्या कबरीवर जा. तुमचा फातिहा तुम्ही म्हनालच. माझा एक सॅल्यूट ठोक." आम्ही हो म्हटले. मरणाऱ्या माणसाला हो म्हणायला वेळ लागत नाही.

2008 मध्ये एका प्रशिक्षणासाठी आम्ही आठवडाभर दिल्लीत होतो. लाल किल्ला पाहिला, जामा मशिदीत जुम्मा पढला, निहारी खाल्ली. कबरीवर गेलो नाही. वेळ नव्हता असे म्हणता येईल, पण वेळ होता. मग 2020 च्या डिसेंबरात बातमी आली की उस्मानसाहेबांच्या कबरीची मोडतोड झालेली आढळली. फोटोत फुटलेला संगमरवर दिसत होता. लोक हळहळले, रागावले. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही दिवसभर मेसेज चालले होते. आम्ही मात्र गप्प बसलो. बारा वर्षांपूर्वी हाकेच्या अंतरावर जाऊनही जो कबरीकडे फिरकला नाही, त्याने कुणाला काय विचारावे? पुढे सैन्याने ती कबर दुरुस्त केली.

गेल्या वर्षी मुलांच्या सुट्टीत सहकुटुंब दिल्लीला गेलो, तेव्हा आधी तिथेच गेलो. मुलांना वाटेत रिक्षातच सगळे सांगितले. धाकटीला बालक सेनेत जाता आले असते का, एवढेच हवे होते. कबरीपाशी उभे राहून फातिहा पढलो आणि सवाब साहेबांना बख्शला. मग आबांची आठवण झाली. आजूबाजूला चार अनोळखी माणसे होती. पन्नाशीकडे झुकलेल्या, पोट सुटलेल्या मास्तराने भर दुपारी सॅल्यूट ठोकायचा म्हणजे... हात छातीपर्यंत आला आणि आम्ही शर्टाचे बटण चाचपून तो खाली घेतला.

गावी परतल्यावर आबांच्या सूनबाई भेटल्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. मंगळवार होता हे तेव्हा लक्षात आले. त्यांनी विचारले, "जाऊन आलासा? मामंजींचं सांगितल्यालं केलं का?"

आम्ही फातिहाचे सांगितले. सॅल्यूटचे खरे तेही सांगून टाकले.

वहिनींनी पदर सावरला, एसटी स्टँडच्या दिशेने दोन पावले टाकली आणि वळून म्हणाल्या, "मग पुन्यांदा जावं लागंल की."