नवकाकरी

मागच्या महिन्यातला एक शनिवार. निघोज्यातल्या एका प्लांटमध्ये लाईन बंद असताना नवीन व्हर्जन चढवायचं होतं, म्हणजे वीकांत गेलाच. डेटाबेसची कॉपी व्हायला अडीच तास... गेटवरच्या सिक्युरिटीच्या मामांनी खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "नवकाकरी येती का, सायेब?"

त्यांनी फरशीवर खडूने एकात एक तीन चौकोन काढले आणि चौकोनांच्या बाजूंचे मध्य रेघांनी जोडले. झाल्या २४ जागा. प्रत्येकी नऊ सोंगट्या. त्यांचे चिंचोके, माझे खडे. आळीपाळीने मांडायच्या, मग रेघेवरून शेजारच्या रिकाम्या जागी सरकवायच्या. तीन एका ओळीत लागल्या की समोरच्याची एक उचलायची. दोनच उरल्या किंवा हलायला वाव नाही, की हरलात.

सलग तीन डाव हरलो. इंजिनिअर म्हणे! :-)

घरी येऊन कागद घेऊन बसलो तेव्हा चूक कळली. मी कोपरे धरत होतो. कोपऱ्यातून फक्त दोन वाटा निघतात आणि असे कोपरे १२ आहेत. आठ जागांना तीन वाटा. चार वाटा फक्त चार जागांना, मधल्या चौकोनाच्या बाजूंच्या मध्यांवर. मामा आधी त्याच पटकावतात. मी ओळी जुळवत बसायचो आणि ते माझी कोंडी करायचे.

खेळ जुना आहे. आपल्याकडे लेण्यांत, किल्ल्यांवर, देवळांच्या फरशीवर असे पट कोरलेले सापडतात. तिकडे कॅस्टीलचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२८३ मध्ये खेळांवर ग्रंथ करवून घेतला, त्यातही हा आहे.

आता आमच्या धंद्यातली गंमत. प्रत्येक जागा रिकामी, तुमची किंवा माझी; म्हणजे ३ चा २४ वा घात, सुमारे २८,२४३ कोटी मांडण्या. नियमात न बसणाऱ्या काढल्या, फिरवून-उलटवून सारख्या दिसणाऱ्या एकच धरल्या, तरी सोंगट्या सरकवण्याच्या टप्प्यात सुमारे ७६७ कोटी उरतात. राल्फ गासर या संशोधकाने झुरिकमध्ये हे सगळं उलटीकडून सोडवलं. आधी हरलेल्या मांडण्या घ्यायच्या, मग त्यांच्यापर्यंत कुठून पोचता येतं ते बघत मागे मागे यायचं. सुरुवातीच्या १८ चाली मात्र पुढून तपासल्या. १९९३ मध्ये उत्तर मिळालं: दोघंही न चुकता खेळले तर डाव बरोबरीत सुटतो.

मी आपला साधा प्रोग्रॅम लिहिला, काही चाली पुढचं बघणारा. पुढच्या शनिवारी लॅपटॉप मामांसमोर ठेवला. एक डाव ते हरले, दोन बरोबरीत. मग मी ऐटीत गासरची गोष्ट सांगितली.

मामा बराच वेळ पटाकडे बघत होते. "म्हंजी दोघं बी नीट खेळलं तर कुणीच हरत नाय?"

"नाही. सिद्ध झालंय."

"आमी दोघं भाऊ खेळायचो, गोठ्याच्या दगडावर. जमीन एमआयडीसीत गेली. पैशाच्या वाटणीवरनं बोलणं तुटलं. बारा वर्सं झाली."

काय बोलावं सुचेना. मी मूर्खासारखा लॅपटॉप बंद केला.

मामांनी चिंचोके मोजून डबीत भरले. नऊ. मग खाली पडलेले माझे नऊ खडेही वेचून त्याच डबीत टाकले. "तो बी हितंच असतो, दोन गल्ल्या पल्याड. त्यो माझ्यापेक्षा भारी खेळतो. ह्ये मशीन घेऊन परत या. मशीन बघायच्या निमतानं ईल."

येत्या शनिवारी डिप्लॉयमेंट नाहीये. तरी निघोज्याला जाणार आहे.